सत्तावीस नंबरची ओव्हर

आमच्या लीगचं पेज उघडलंत तर पहिल्याच ओळीत लिहिलंय, स्थापना २०१७. साफ खोटं. २०१७ साली आल्या त्या फक्त जर्सी. क्रिकेट त्याच्या सव्वीस वर्षं आधीपासून चालू होतं आणि पहिल्या दिवसापासून चिटणीस मी होतो, माधव, खोली नंबर अठ्ठावीस. नियमावली माझ्या हातची आहे. माझ्याकडे अजून तो फुलस्केप कागद आहे, कोणाला बघायचा असेल तर यावं.

पण पेजवाल्यांशी मी दर रविवारी भांडतोच, त्यामुळे आज ते नको. आज मला कमलवहिनींबद्दल सांगायचंय. पेजवर त्यांचा एक व्हिडिओ आहे, एक्केचाळीस सेकंदांचा, आणि खाली लोकांनी हसायची चित्रं टाकलीयत. हसा मेल्यांनो. एक्केचाळीस सेकंदांत काय डोंबल कळणार आहे?

आमची मोरजेवाडी लालबागला. तीन इमारती, मध्ये फरशीचा चौक. १९९१ साली त्या चौकात दुपारी सुद्धा माणसं बसलेली असायची, कारण संपानंतर ज्यांना गिरणीने परत घेतलं नाही त्यांना दुपारी जायला जागाच नव्हती. माझा शेजारी गणपत त्यातलाच. साचे, म्हणजे गिरणीतले माग, चालवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि आता तो कॉटन ग्रीनच्या एका गोदामावर रात्रीचा रखवालदार होता. रिकामी माणसं एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढत बसण्यापेक्षा खेळलेली बरी, म्हणून आम्ही स्पर्धा काढली. अंडरआर्म, म्हणजे हात कमरेच्या वर न नेता बॉल टाकायचा. चौकात दुसरं काही शक्यच नाही. एका बाजूला सहा जण, सहा ओव्हर, आणि प्रत्येकाने एक ओव्हर टाकलीच पाहिजे. तसं केलं नसतं तर दोन तरबेज माणसांनीच सगळी बॉलिंग केली असती आणि बाकीचे चौघे भांडत बसले असते. भिंतीवरून उडालेला बॉल एका हाताने पकडला तर आउट. बॉल थेट कोणाच्या गॅलरीत गेला तरी बॅट्समन आउट, कारण गॅलरीत लोणच्याच्या बरण्या असायच्या.

पहिल्याच वर्षी खोली नंबर बाराचे चार सख्खे भाऊ एका टीममध्ये शिरले आणि कप घेऊन गेले. त्यावरून असा तमाशा झाला की गणपतीची मीटिंग तीनदा उधळली. मग मी नियम केला, एका खोलीचा एकच खेळाडू, आणि तो कोण ते खोलीने ठरवायचं. सगळ्यांना पटलं. आमच्याकडे पाणी खोलीमागे, वर्गणी खोलीमागे, सत्यनारायणाचा प्रसादसुद्धा खोलीमागे, मग खेळाडूही खोलीमागे. जिन्याखाली लाकडी बोर्ड लावला. त्यावर खोलीचा नंबर आणि खाली त्या खोलीकडून जो जो खेळला त्याचं नाव. सत्तावीसखाली गणपत. दोन हजार पाच सालापासून त्याखाली त्याचा मुलगा सुशांत. हा बोर्ड ध्यानात ठेवा.

२०१७ ला फ्रँचायझी आली. आजूबाजूच्या पाच वाड्या जोडल्या गेल्या, सहा मालक उभे राहिले, परळच्या हॉलमध्ये पॉइंटवर लिलाव सुरू झाला. कप्तान 'स्किपर' झाला, चहा 'स्ट्रॅटेजिक टाइमआउट'मध्ये मिळायला लागला. चिवडा गल्ली चॅलेंजर्सचा मालक राजेश लीगचा अध्यक्ष झाला. केटरिंगवाला, माणूस वाईट नाही, पण सगळ्या जगाला आपण वाढतोय असं त्याला वाटतं. दोन वर्षांत मालकांनी लबाडी सुरू केली. वडाळ्याचा एखादा पट्टीचा बॉलर आणायचा, आठवडाभर कोणाच्या तरी पोटमाळ्यावर झोपवायचा आणि म्हणायचं, हा या खोलीचा. एक तर रात्री खोली चुकून भलत्यांच्याच घरात शिरला होता. मग २०१९ ला आम्ही नियम आवळला. खेळाडू खोलीत प्रत्यक्ष राहणारा पाहिजे, आणि दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांनी तशी सही केली पाहिजे. मालक यावर सहजासहजी राजी होईनात, म्हणून त्यांना एक गाजर दिलं. जी खोली सलग तीन वर्षं खेळाडू देणार नाही तिचा हक्क संपेल, आणि ती जागा मालकांना बाहेरच्या माणसाने भरता येईल. हे कलमही मीच लिहिलं. आपलेच दात, आपलेच ओठ.

सुशांत २०२२ ला बायकामुलं घेऊन बदलापूरला गेला. गणपत त्याच्या आधीच वारलेला. सत्तावीस नंबरात गणपतची बायको, कमलवहिनी, एकट्या राहिल्या. दोन सीझन त्यांच्या खोलीची जागा रिकामी गेली. तिसऱ्या वर्षी राजेशने वडाळ्याचा एक बॉलर हेरूनही ठेवला आणि फॉर्म भरायच्या शेवटच्या आठवड्यात मला सांगून गेला की सत्तावीसवर काट मारा.

त्याच संध्याकाळी कमलवहिनी माझ्या दारात उभ्या. हातात फॉर्म, भरलेला. नाव कमल, वय बासष्ट, खोली नंबर सत्तावीस, बॉलिंग उजव्या हाताने. बॅटिंगच्या रकान्यात रेघ मारलेली.

मला हसूच आलं, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, वहिनी, असं कुठे असतं का, पुरुषांची लीग आहे ती. कमलवहिनी शांतपणे आत आल्या, स्टुलावर बसल्या. बाहेरच्यांशी त्या आपल्यासारखंच मराठी बोलतात, पण डोकं तापलं की थेट मालवणीवर येतात.

"बाईल मानसान खेळू नये असा खंय लिवलाहा, ता माका दाखवा, भावजी."

मी फुलस्केप काढला. छापील पुस्तिका काढली. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. कुठेही नव्हतं. चौतीस वर्षांत आमच्यापैकी कोणालाही हे लिहावंसं वाटलं नव्हतं, कारण असा प्रश्न येईल हेच डोक्यात आलं नव्हतं. आणि २०१९ च्या आमच्याच कलमाप्रमाणे सत्तावीस नंबरात प्रत्यक्ष राहणारं माणूस एकच होतं, ते माझ्यासमोर स्टुलावर बसलं होतं.

मी शहाणपणा केला. म्हटलं, तुमच्या भाच्याला आठ दिवस राहायला बोलवा, त्याचं नाव टाकू, मी सही करतो. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी चहाचं विचारायचं विसरलो. म्हणाल्या, लबाडी करायची असती तर राजेशकडेच गेले नसते का. आणि फॉर्म ठेवून निघून गेल्या.

सही दोन शेजाऱ्यांची लागणार होती. सव्वीसच्या मीराबाईंनी ऐकता क्षणी केली. त्यांना वाचता येत नाही, पण कमलसाठी त्या कशावरही सही करतील. दुसरा शेजारी मी. तीन दिवस तो फॉर्म माझ्या टेबलावर पडून होता. राजेशचा फोन आला, माधवकाका, हसं होईल लीगचं, लाइव्ह जातं सगळं. तो वहिनींकडेही गेला. फायनलच्या दिवशी सत्कार करू म्हणाला, शाल, श्रीफळ, ज्येष्ठ मार्गदर्शक असं पद देऊ. कमलवहिनींचं उत्तर मी भिंतीपलीकडून ऐकलं.

"शाल आहे माझ्याकडे. मला ओव्हर पाहिजे."

आता मला काय माहीत होतं ते सांगतो, म्हणजे मी तीन दिवस किती भेकडपणा केला ते कळेल. गणपतचा एक बॉल होता, आमच्या चौकात प्रसिद्ध. पायाशी पडायचा आणि उलटा वळून स्टंपात शिरायचा. त्या बॉलवर आम्ही ९४ चा कप जिंकलो. सगळे म्हणायचे गणपतच्या साचेवाल्या बोटांत जादू. ती बोटं नव्हतीच त्याची. १९९१ च्या मे महिन्यात मी रजेवर घरी होतो, आणि दुपारी आमच्या मजल्याच्या लांब गॅलरीत कमलवहिनी गणपतला तो बॉल शिकवत होत्या. शंभरदा टाकून दाखवला असेल. तो चुकला की त्या म्हणायच्या, मनगट नको, करंगळी सोड. माहेर त्यांचं कॉटन ग्रीनचं. गोदामांच्या गल्लीत तीन भावांबरोबर खेळायच्या. मुलीला बॅट कोण देणार? भाऊ बॅटिंग करायचे, हिने दिवसभर बॉल टाकायचा. तेवढंच तिला मिळालं आणि तेवढंच तिने असं कमावलं की भाऊ रडायला यायचे. मग लग्न होऊन इथे आली आणि इथेही तेच. नवऱ्याला बॉल टाकला, मुलाला टाकला, मजल्यावरच्या यच्चयावत पोरांना टाकला. पदर खोचून, एका बाजूला गॅसवर कुकर. मी सगळं बघितलंय. ९४ ला गणपतला खांद्यावर घेऊन नाचलो तेव्हा वर गॅलरीत ती टाळ्या वाजवत होती आणि मी एका शब्दाने बोललो नाही. गणपतही बोलला नाही. अळीमिळी गुपचिळी.

चौथ्या दिवशी मी सही केली. राजेशला सांगितलं, नियम आवळायला तुम्हीही राजी झालात, आता गळ्याला लागला तर मला बोलू नका. माझी चिटणीसकी घ्यायची तर घ्या. चिटणीसकी कोणी घेतली नाही, दुसरं कोण करणार होतं फुकट?

लिलावात त्यांचं नाव पुकारलं तेव्हा हॉलमध्ये जे हसू फुटलं ते मी विसरणार नाही. कमलवहिनी तिसऱ्या रांगेत ठेवणीतलं पातळ नेसून ताठ बसल्या होत्या. कोणी हात वर केला नाही. न विकला गेलेला खेळाडू ज्यांचा संघ अपुरा त्यांना मिळतो, म्हणून त्या काळाचौकी किंग्जच्या गळ्यात पडल्या. हो, गळ्यातच. मालकाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. कप्तान अर्णव, तेवीस वर्षांचा, एकतीस नंबरचा, इंजिनीअर. त्याला बॅट धरायला गॅलरीत कोणी शिकवलं ते वेगळं सांगायला नको. त्याने मान खाली घातली आणि मोबाइलमध्ये बघत बसला. मला त्याला उठून फटका द्यावासा वाटला. मग आठवलं, मी तीन दिवस काय करत होतो.

संघातल्या प्रत्येक खेळाडूला एक तरी मॅच खेळवायची हाही नियम आहे. किंग्जनी वहिनींना शेवटच्या साखळी सामन्यासाठी राखून ठेवलं, तोवर निकाल लागलेला असेल या हिशोबाने. पण निकाल लागला नाही. तो सामना राजेशच्या चॅलेंजर्सशी आणि जो जिंकेल तो सेमीफायनलला. रविवारी सकाळी चौकात मुंगी शिरायला जागा नव्हती. मालक वहिनींपाशी आला आणि सगळ्यांदेखत गोड आवाजात म्हणाला, काकी, गुडघा दुखतोय असं सांगा, डॉक्टरची चिठ्ठी मी आणतो, दुखापत झाली तर बदली माणूस चालतो. वर म्हणाला, संघासाठी एवढं करा.

कमलवहिनी साडीवर जर्सी घालत होत्या. डोकं बाहेर काढून म्हणाल्या, "माझा गुडघा वीस वर्षं दुखतोय. कोणी चिठ्ठी आणली नाही."

किंग्जनी आधी बॅटिंग केली, एकोणपन्नास धावा झाल्या. वहिनींची पाळी आलीच नाही. मग चॅलेंजर्स उतरले. अर्णव पहिल्या ओव्हरला त्यांच्याकडे बघायचा आणि दुसऱ्याला बॉल द्यायचा. दुसऱ्या ओव्हरला तेच. हिला कधी टाकायला देऊ, आता नको, पुढची बघू. टाळता टाळता पाच ओव्हर झाल्या, पाच जणांनी टाकून झाल्या, आणि तेव्हा त्या इंजिनीअरला गणित उमगलं की शेवटची ओव्हर टाकायला आता फक्त कमलकाकी उरल्यात. जिंकायला नऊ धावा हव्या होत्या आणि समोर नील, लिलावातला सगळ्यात महागडा खेळाडू. मालकाने डोक्याला हात लावला. गॅलरीतून कोणीतरी शिट्टी मारली. माइकवर कॉमेंट्री करणारा वरद म्हणाला, आजींचं टाळ्यांनी स्वागत करा. वहिनी थांबल्या, माइककडे वळल्या आणि त्याला मोठ्याने सांगितलं की नाव कमल आहे, गुणफलकावर लिहिलंय. वरदने मुकाट्याने नाव घेतलं.

पहिला बॉल सुटला तो नीलने पाण्याच्या टाकीवर मारला. चार. दुसऱ्यावर दोन पळाले. आता चार बॉलमध्ये तीन. व्हिडिओ इथेच संपतो, बरं का. एक्केचाळीस सेकंद, चार आणि दोन आणि हसायची चित्रं. पुढचं त्यांनी कापलं.

तिसऱ्या बॉलआधी त्यांनी पदर घट्ट खोचला आणि करंगळी सोडली. मी गुणफलकापाशी बसलो होतो, उभा राहिलो. बॉल नीलच्या पायाशी पडला आणि उलटा फिरला. बॅट हवेत फिरली, बॉल स्टंपच्या केसभर बाजूने गेला. तेवढ्यात मागे कोणीतरी म्हातारा म्हणाला, अरे हा तर गणपतचा बॉल. माझ्या तोंडून निघून गेलं, इतकी वर्षं तुंबलेलं, "गणपतचा नाही, तिचा आहे. त्याला तिने शिकवलेला. मी बघितलाय." आजूबाजूचे माझ्याकडे बघायला लागले, तर बघू देत.

चौथा बॉल नीलने चिडून उचलला. बॉल वर गेला, वर गेला आणि थेट गॅलरीत. कुठल्या? सत्तावीसच्या. वहिनींच्याच बरणीवर आपटला. आउट. मीराबाई वरून ओरडल्या की बरणी फुटली नाही, चालू द्या.

पाचव्यावर नव्या बॅट्समनने कशीबशी एक काढली. एक बॉल, दोन धावा. सहावा बॉल तसाच पडला, तसाच वळला, बॅटची कड घेऊन भिंतीवर गेला आणि भिंतीवरून अर्णवच्या हातात. एका हातात. पकडला असता तर मॅच आमची होती. निसटला. त्याने वाकून उचलेपर्यंत दोन पळून झाले.

हरलो. गोष्टीत जिंकतात, आमच्या चौकात हरतात. चॅलेंजर्सच्या पोरांनी ढोल बडवला. किंग्जचा मालक ऐकू जाईल असं बोलला की तरी सांगत होतो, बायकांचं काम नाही. कॅच कोणी सोडला हे तो बोलला नाही. अर्णव भिंतीला टेकून उभा होता, डोळे भरलेले. कमलवहिनी त्याच्याकडे गेल्या, त्याच्या हातातून बॉल घेतला आणि सांगितलं की हात मऊ ठेवायचा असतो, लहानपणापासून सांगतेय.

पुढच्या रविवारी बोर्ड रंगवायला पेंटर आला. राजेश उभा होता, दोन-तीन मालक होते, मी यादी घेऊन होतो. सत्तावीसपाशी घोडं अडलं. एक मालक म्हणाला, एकच ओव्हर टाकली, त्यातही मॅच घालवली, नाव कशाला? कमलवहिनी दूध घेऊन येत होत्या, जिन्याच्या तोंडाशी थांबल्या. पिशवी खाली ठेवली.

म्हणाल्या, "या बोर्डावर अडीचशे नावं आहेत. कप किती जणांनी घेतला? हरलेल्या बाप्यांची नावं पुसा आधी, मग माझं लिहू नका."

कोणी पुसायला पुढे आलं नाही. पहिलं नाव किंग्जच्या मालकाच्याच बापाचं होतं, आणि तो तर एकही बॉल धड टाकू शकायचा नाही. राजेश सावरून घेणारा माणूस. त्याने तोडगा काढला. पेंटरला म्हणाला, लिही, कमल, आणि खाली बारीक अक्षरात, गणपत यांच्या स्मरणार्थ. चांगलं दिसेल, म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. खरं सांगतो, माझीही मान हलली असती, गणपत माझा दोस्त होता.

पेंटरने ब्रश बुडवला. कमलवहिनींनी हात आडवा धरला. गणपतच्या नावाकडे त्यांनी एकदा बघितलं, माया होती हो त्या बघण्यात, नव्हती असं नाही. मग पेंटरला म्हणाल्या, "नुसतं कमल लिही. बॉल मी टाकलाय."